‘चूक’ म्हणजे नुसती भावना?

जातीय अत्याचाराचे निवेदन घेऊन आम्ही जातो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : “तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.” आम्ही अन्यायाबद्दल बोलतो, समोरचा त्याची भावना करून टाकतो. या पळवाटेमागचा तत्त्वज्ञानातला जुना वाद कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवा.

१९०३ साली केंब्रिजच्या जी. ई. मूर यांनी मांडले की ‘चांगले’ या शब्दाची व्याख्याच करता येत नाही. एखादी गोष्ट सुखद आहे हे कळले, तरी ‘पण ती चांगली आहे का?’ हा प्रश्न उरतोच. तिथून विश्लेषणवादी तत्त्वज्ञ नैतिक शब्दांचा अर्थ तपासू लागले. १९३६ साली पंचवीस वर्षांचे ए. जे. एअर टोकाला गेले. ‘तू पैसे चोरलेस’ हे तपासता येते; ‘चोरलेस हे चूक केलेस’ म्हटल्याने नवी माहिती मिळत नाही, फक्त नापसंतीचा सूर मिसळतो, असे ते म्हणाले. एअर प्रतिगामी नव्हते. समलैंगिकतेला गुन्हा ठरवणारा कायदा बदलावा यासाठी ते पुढे झटले. पण त्यांचा सिद्धांत मानला, तर अत्याचार करणारा आणि सोसणारा यांच्यातले नैतिक खरे-खोटेच संपते.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. ते एअर यांना दिलेले उत्तर नव्हते. पण ‘जात मला आवडत नाही’ एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, ती बंधुता मारते, अशी कारणे त्यांनी दिली. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी १९३९ साली ‘मूल्ये म्हणजे केवळ भावनेचे उद्गार’ या मताचाच समाचार घेतला. मूल्ये परिणामांच्या कसोटीवर तपासता येतात, असे त्यांचे म्हणणे होते.

ऑक्सफर्डच्या फिलिपा फूट यांना १९४५ साली नाझी छळछावण्यांच्या बातम्यांनी हादरवले. हे दुष्कृत्य म्हणजे फक्त आपली नापसंती, हे त्यांना पटेना. १९५८ साली त्यांनी ‘उद्धट’ हा साधा शब्द घेतला. कोणते वागणे उद्धट, हे ठरवायला वस्तुस्थितीच्या अटी असतात. त्या पूर्ण होतात हे मान्य करून ‘तरी मी त्याला उद्धट म्हणणार नाही’ असे म्हणता येत नाही. तसे म्हणणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थच कळलेला नसतो.

हीच कसोटी आम्ही ‘अपमान’ या शब्दाला लावतो. जातीमुळे पाणवठ्यावरून हाकलले हे मान्य, पण अपमान झाला हे अमान्य, असे कुणाला म्हणता येईल?

आमच्याच कित्येक निवेदनांत आम्ही ‘भावना दुखावल्या’ असे लिहीत आलो. मित्रांनो, आता ते थांबवू. काय घडले, कुणी केले, कोणता हक्क हिरावला हे नेमके लिहू, आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू : अन्याय.

जय भीम!