गरोदर बाई, कावीळ आणि पाण्याचा इतिहास

पावसाळा लागला की आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये कावीळ येते. लोक गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवून' घेतात, तेल बंद करतात. चार-सहा आठवड्यांत बहुतेक जण बरे होतात आणि श्रेय माळेला जाते. ती माळ नसती तरी ते बरेच झाले असते. प्रश्न गरोदर बाईचा आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या एका ताईचे आठव्या महिन्यात डोळे पिवळे झाले. उतरवणाऱ्याकडे तीन दिवस गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती बरळायला लागली होती. ताई वाचली, बाळ गेले. कागदावर 'मृत जन्म' एवढेच लिहिले. कावीळ हा शब्द कुठेच नाही. मग जिल्ह्यात अशा किती बाया, हे कोण सांगणार?

हा आजार नवा नाही, त्याचे नाव नवे आहे. १९५५ च्या शेवटी दिल्लीत यमुनेचे पाणी जिथून उचलले जायचे तिथे नाल्याची घाण शिरली. पाण्यात क्लोरिन टाकले होते, तरी महिन्या-दीड महिन्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायांमध्ये मृत्यू जास्त आहेत, हे तेव्हाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते. पण सगळ्यांनी ती नेहमीची 'ए' कावीळच मानली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने १९८० च्या सुमारास तपासले, तेव्हा कळले की ती 'ए' नव्हती. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे श्रीनिवासन आणि खोर्शेद पावरी हे शास्त्रज्ञ होते. 'हिपॅटायटिस ई' हे नाव त्यानंतर रूढ झाले.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी साथीच्या गावांत घरोघर मोजणी केली. २०८ गरोदर बायांपैकी ३६ जणींना कावीळ झाली होती, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त. गरोदर नसलेल्या बायांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होते. आजारी गरोदर बायांपैकी पाचातल्या एकीहून अधिक जणींचे यकृत एकदम निकामी झाले. गरोदर नसलेल्यांत असे एकीचेही झाले नाही. शेवटच्या तीन महिन्यांत धोका सर्वात जास्त. असे का होते याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे आजही नाही. गरोदरपणातले संप्रेरकांचे आणि प्रतिकारशक्तीचे बदल, एवढे सांगितले जाते.

महाराष्ट्रात १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून अशी साथ आली. २०१२ मध्ये इचलकरंजीत आली, माणसे मेली. दर वेळी कारण तेच: मैला पाण्यात मिसळला.

कोणी म्हणेल, विषाणू जात बघत नाही. खरे आहे. पण पाइपलाइन बघते. गावाची टाकी कुठे, शेवटचा नळ कुठे, गटारीतून गेलेली फुटकी नळी कोणाच्या दारातली, हे सगळे जातीच्या नकाशावरच आखलेले आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या स्पर्शाने बाटणारे आणि शेणाने शुद्ध होणारे पाणी! शुद्धतेची ही अक्कल ज्या समाजाची, त्याने मैल्याचा आणि आजाराचा संबंध कधी गांभीर्याने घेतला नाही, कारण मैला उचलणारे हात ठरलेले होते.

बाळंतपणाच्या बाबतीतही बाबासाहेबांची भूमिका आपण विसरतो. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन आहे. योगायोगच, पण कार्यकर्त्यांनी वापरावा असा.

या आजाराची लस चीनमध्ये २०११ मध्ये मंजूर झाली. २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतिऊ छावणीत ती गरोदर बायांनाही दिली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. वाशिम २०१८ पासून 'आकांक्षित जिल्हा' आहे, गरोदर बायांची नोंदणी आणि रक्तक्षय मोजला जातो. 

मागच्या महिन्यात आम्ही एका ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरचे आणि ओटी टेस्टचे रजिस्टर मागितले. जूनपासूनच्या सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या दिसत होत्या. आता आमची पोरं आठवड्यातून दोनदा वस्तीतल्या शेवटच्या नळाला स्वतः ओटी टेस्ट करतात आणि वेगळ्या वहीत लिहितात. पहिल्या नऊ तपासण्यांत सात वेळा पाण्याला पिवळा रंग आला नाही. म्हणजे क्लोरिन नव्हतेच. ती वही घेऊन आम्ही येत्या ग्रामसभेत जाणार आहोत.