खेळातला जादूगार आणि घरातला मुलगा

भातुकली आपण सर्वांनी पाहिली आहे. एक पोर सासू होते, दुसरे सून होते, आणि लुटुपुटीचे भांडणही रंगते. हाच प्रकार मोठ्या मुलांनी नियम बांधून मांडला तर? अमेरिकेत तो मांडला गेला, आणि खेळणाऱ्यांच्या नावाने मोठा गहजब झाला.

विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ राहत. विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर ते जोडे दुरुस्त करीत. त्यांनी आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण भुयाराची, राक्षसांची गोष्ट सांगू लागतो. बाकीच्यांत कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. काय करायचे ते तोंडाने सांगायचे, आणि ते साधले की फसले हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचे. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या अवघ्या हजार.

खेळणारे बहुतेक शाळा-कॉलेजातले मुलगे. लोकांनी त्यांचे एक ठरीव चित्र रंगवले: चष्मा लावलेला, मैदानाकडे न फिरकणारा, एकलकोंडा. आता गंमत पाहा, हा खेळ मुळात एकट्याने खेळायचा नाहीच! दुसऱ्याचे ऐकावे लागते, आपल्या पाळीसाठी थांबावे लागते. पण एकदा शिक्का बसला की इतका विचार कोण करतो?

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक अतिशय हुशार विद्यार्थी नाहीसा झाला. तो हा खेळ खेळत असे. शोधासाठी नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने तर्क लढवला, की खेळाच्या नादात पोरगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या भुयारांत हरवला असावा. वर्तमानपत्रांना एवढे पुरले. मुलगा महिन्याभराने सापडला. भुयारात तो गेला होता खरा, पण खेळायला नव्हे, जीव द्यायला. अभ्यासाचे ओझे, एकटेपण, खचलेले मन, हे त्याचे खरे दुखणे होते. सगळे फाशाकडे पाहत राहिले. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचा अंत करून घेतला.

अफवा मात्र जगली. १९८१ साली रोना जाफी यांनी अशाच कथानकाची कादंबरी लिहिली. १९८२ साली तिच्यावर दूरचित्रपट निघाला, त्यात भान हरपलेला तरुण झाला होता टॉम हँक्स. मुलगा गमावलेल्या एका आईने १९८३ साली खेळाविरुद्ध संघटनाच उभारली. तिचे दुःख खरे होते. तिने काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९८७ साली एका मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंची चाचणी घेतली. जो अधिक खेळला त्याचे मन अधिक अस्थिर, असे काही आढळले नाही. तरीही १९८९ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने सैतानी भुतांची नावे बदलून टाकली.

२०१६ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली. तिच्यात हाच खेळ खेळणारी मुले नायक आहेत. शाळेत त्यांची टवाळी होते, ती मात्र तशीच.