मोगऱ्याची कुंडी

आमच्या बेळगावच्या घरी मागल्या दारी मोगऱ्याची एक कुंडी आहे. झाड आईच्या माहेरचे. १९५२ साली लग्न होऊन ती मडगावहून आगगाडीत बसली, तेव्हा सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि मातीच्या कुंडीतला हा बटमोगरा होता. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात. घाट चढून गाडी कॅसलरॉकला आली, की कस्टमवाले उतारूंचे सामान उघडून पाहत. मातीत सोने दडवले असेल म्हणून एका शिपायाने कुंडीतही सळई खुपसली. "सोनं कुठलं मिळायला! मेल्यानं माझ्या झाडाची मुळं मात्र तोडली," असे आई पुढे कितीतरी वर्षे सांगे. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ती गाडीही बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत आईला माहेर दिसले नाही. त्या सहा वर्षांत माहेरचे म्हणून तिच्यापाशी होते ते एवढेच.

गोव्यातून कुंडीत बसून निघालेला हा पहिला मोगरा नव्हे, हे मला फार उशिरा कळले. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव ठेवलेली चांदीची पेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला आणि तो १६९८ साली पुरा झाला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने तो गोव्याला भेट दिला. याच कोसिमोला सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून गेलेला दुहेरी पाकळ्यांचा मोगरा मिळाला. तिकडून दगड आला, इकडून फूल गेले!

फूल गेले म्हणणे सोपे आहे. जाणे सोपे नव्हते. धान्य पोत्यात भरून जाते, बी पुडीत बांधून जाते. बटमोगरा बी धरत नाही. त्याचे प्रत्येक झाड म्हणजे आधीच्या झाडाची फांदी, आणि ती फांदी त्याही आधीच्या झाडाची. म्हणजे तो जायचा तर जिवंत, मुळांसकट, मातीसकटच जायचा. गोव्याची जहाजे तेव्हा आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून लिस्बनला जात. प्रवास सहा-सहा महिन्यांचा. वर खाऱ्या पाण्याचे तुषार आणि प्यायचे पाणी माणसांनाच मोजून मिळायचे. काचेच्या बंद पेटीतून रोपे सुखरूप नेण्याची युक्ती लंडनच्या डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्डला सुचली, ती पुढे १८२९ नंतर. तोवर कुंडीतले रोप जगवणे हे कुणातरी खलाशाच्या दयेवर अवलंबून होते.

फ्लॉरेन्सची थंडी मोगऱ्याला सोसणारी नव्हती. म्हणून शहराजवळच्या कास्तेल्लो येथील वाड्यात त्याच्यासाठी ऊब राखणारे वेगळे घर बांधले. त्याचे नाव 'स्तुफा देई मुगेरिनी', म्हणजे मोगऱ्यांचे उबारा-घर. हा 'मुगेरिनो' कोण, हे आपल्याला सांगायला नको. कोकणीतले 'मोगरें' पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोगारिम' झाले आणि इटलीत 'मुगेरिनो'. ड्यूकने या झाडावर पहारा बसवला होता आणि एकही फांदी बाहेर जाऊ द्यायची नाही अशी ताकीद होती, असे सांगतात. एका माळ्याने तरीही आपल्या वाग्दत्त वधूला एक डहाळी नेऊन दिली, तिने ती जमिनीत लावली आणि झाड गावभर झाले, अशी तिथली दंतकथा आहे. गोव्याच्या या फुलाला जगभरच्या रोपवाटिकांत आज नाव आहे ते मात्र 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी'!

शास्त्रज्ञांनीही याची एकदा कुंडी बदलली. १७५३ साली लिनियसने मोगऱ्याला पारिजातकाच्या कुळात बसवले होते. १७८९ साली विल्यम एटनने त्याला तिथून उचलून जाईजुईंच्या पंगतीला आणले. तिथे तो रुजला.

आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिला कुंडी कधी बदलायची ते ठाऊक होते. घातलेले पाणी न मुरता तळातून भळकन निघून जाऊ लागले, सकाळी भिजवलेली माती संध्याकाळी कोरडी दिसू लागली, फुले बारीक झाली आणि तळाच्या भोकातून मुळी डोकावली, की ती म्हणे, "आता हा जागा मागतोय." पण मागितली म्हणून लगेच द्यायची नाही. मार्गशीर्ष-पौषात पाणी तोडायचे, छाटणी करायची आणि माघात, नवी पालवी फुटण्याआधी, कुंडी बदलायची. "त्याला हलवायचं ते झोपेत हलवायचं. कळ्या धरल्यावर हात लावायचा नाही."

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटे मोठी, जास्त नाही. मोठ्या कुंडीतली माती मुळांना पिऊन संपत नाही, ओली राहते आणि मुळे कुजतात. आदल्या दिवशी पाणी घालून दुसऱ्या दिवशी कुंडी उलटी धरायची, काठावर थाप मारली की मातीचा गड्डा अखंड सुटतो. कडेने वेटोळी घातलेली मुळे तेवढी मोकळी करायची, काळी पडलेली कापायची. आतल्या मातीला हात लावायचा नाही. तळाच्या भोकावर खापर, मग दोन वाटे तांबडी माती, एक वाटा जुने शेणखत, एक वाटा वाळू. झाड पूर्वी जितके खोल होते तितकेच बसवायचे, काठाशी पाण्यापुरती जागा सोडायची. आठ दिवस सावलीत आणि महिनाभर खत नाही.

हे सारे पाहत मी वाढलो आणि तरीही १९८७च्या चैत्रात आई आजारी असताना मी शहाणपणा केला. तिला बरे वाटावे म्हणून सिमेंटची भली मोठी कुंडी आणली, झाड उपटले, मुळांची जुनी माती नळाखाली स्वच्छ धुतली आणि नव्या मातीत लावले. झाड कळ्यांनी भरलेले होते. चौथ्या दिवशी कळ्या गळल्या, पंधरा दिवसांत काटक्या उरल्या. आई खाटेवरून उठून मागल्या दारी आली, बघून गेली. बोलली काहीच नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते.

आठवड्याने शेजारच्या काकू एक लहान कुंडी घेऊन आल्या. आईनेच त्यांना कधीतरी दाबकलम करून दिलेले झाड होते, त्याचीच ही फांदी. गल्लीत अशी पाच घरे निघाली. ड्यूकसारखा पहारा आईने बसवला असता, तर १९८७ सालीच आमचा मोगरा संपला असता. बी नसलेल्या झाडाला दुसरी आशाच नसते. आईच्या खाटेशी मी ती कुंडी ठेवली. तिने माती चाचपली आणि म्हणाली, "माघापर्यंत हिला हात लावू नकोस."

आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. कुंडी मी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, माघातच. यंदाच्या पावसाळ्यात दोन फांद्या वाकवून शेजारच्या कुंड्यांत दाबल्या होत्या. परवा हलकेच ओढून पाहिले. दोन्हींनी मुळे धरली आहेत. एक दिवाळीला आलेली मुलगी वडोदऱ्याला नेणार आहे. दुसरी कुणाला द्यायची ते अजून ठरलेले नाही. कुणी मागायला आले, तर मी नाही म्हणणार नाही.