प्रत्येकाचं गणित वेगळं

वर्गात दोनशे मुलं असली की गृहपाठाचं काय होतं, ते भौतिकशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारा. चार-दोन जण गणितं सोडवतात, बाकीचे आदल्या रात्री छापतात. तपासलेल्या वह्या परत येईपर्यंत पुढचं प्रकरण निम्मं झालेलं असतं.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९२ साली यावर एक तोड निघाली. एडविन कॅशी हे तिथले अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून ‘कापा’ ही प्रणाली बनवली. संगणकाकडून शिकवून घेण्याची कल्पना तेव्हा जुनीच होती. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांचं ‘प्लेटो’ १९६० सालीच सुरू झालं होतं. पण प्लेटोला धडेच द्यायचे होते. कापाने फक्त गृहपाठाला हात घातला, आणि मला तर हा आटोपशीरपणाच शहाणपणाचा वाटतो.

शिक्षकाने इथे प्रश्न नाही, प्रश्नाचा साचा लिहायचा. उतारावरच्या ठोकळ्याचं वस्तुमान, उताराचा कोन, घर्षणांक या जागा मोकळ्या सोडायच्या. उत्तर म्हणून आकड्याऐवजी सूत्र द्यायचं. विद्यार्थ्याच्या क्रमांकावरून संगणक आकडे काढतो आणि जागा भरतो. त्याच मुलीला प्रश्न कितीदाही दिसला तरी आकडे तेच, शेजारणीचे मात्र निराळे. सुरुवातीला प्रश्न छापील कागदावर हातात पडत आणि उत्तर टर्मिनलवर टाइप करावं लागे. बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळे. चुकलं तर मुदतीच्या आत पुन्हा प्रयत्न करायचा.

निव्वळ आकडेमोडीवर भागत नाही, हेही या मंडळींनी ओळखलं होतं. मग सहा विधानं द्यायची, प्रत्येकाला खरं की खोटं ते ठरवायचं आणि सगळी उत्तरं एकदम भरायची. शक्यता ६४, एक जरी चुकलं तरी सगळंच चूक, आणि कुठलं चुकलं ते यंत्र सांगणार नाही. अंदाजपंचे मारणाऱ्याची चांगलीच दमछाक.

यात नक्कल रोखली गेली, हे सगळे सांगतात. मला दुसरी गोष्ट मोठी वाटते: एकमेकांना विचारायला मुलं मोकळी झाली. शेजारणीचं उत्तर कुचकामी, तिची रीत मात्र कामाची. म्हणजे ‘किती आलं?’ विचारून उपयोग नाही, ‘कसं काढलंस?’ असंच विचारावं लागतं.

पुढे रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज आणि आर्नल्ड पायझर यांनी गणितासाठी ‘वेबवर्क’ काढलं, नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून ‘वेबअसाइन’ आलं, आणि कापाचाच ‘लॉन-कापा’ हा इंटरनेटवरचा मुक्त अवतार झाला.

मुलंही काही कमी नव्हती. आकडे वेगळे, पण सूत्र तर एकच! तेवढं मागून घेतलं की कॅल्क्युलेटर पुढचं बघतो. त्यावर शिक्षकांकडेही उपाय होता: आकडे सोडून साचाच हलवायचा. एकाला वेग विचारायचा, दुसऱ्याला कोन. एकाचा आलेख चढता, दुसऱ्याचा उतरता. मग उसनं आणलेलं सूत्रही आधी उलटवून घ्यावं लागतं.