साकीनाक्याची नदी आणि गोड्या पाण्याचा शिंपला

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरे, सनदा आणि ताम्रपट उभे राहतात. साकीनाक्याच्या कारखानदारीचा इतिहास लिहू पाहणाराच्या हाती यांतले फारसे काही लागत नाही. मोठ्या कारखान्यांचे अहवाल छापले गेले. पण एका गाळ्यात पितळी नळांना मुलामा देणाऱ्या कारागिराने काय म्हणून लिहून ठेवावे? त्याची नोंद राहिली ती नदीच्या चिखलात. ती वाचण्याची विद्या ज्याच्यामुळे थोडीफार साधते, तो प्राणी म्हणजे गोड्या पाण्यातला शिंपला.

आधी नदी पाहू. मुंबईला नळाने पाणी मिळावे म्हणून बांधलेला विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला. पवईचा तलाव १८९०-९१ चा. पवईचे पाणी पुढे पिण्याजोगे नाही असे ठरले, हा भाग निराळा. या दोन तलावांच्या सांडव्याचे पाणी ज्या वाटेने माहीमच्या खाडीस मिळते, ती मिठी नदी. लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. खालच्या अंगाला भरतीचे खारे पाणी तिच्यात शिरते. साकीनाक्याचा पट्टा मात्र वरचा, गोड्या पाण्याचा.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कुर्ल्याला मोटारींचा आणि पवईला यंत्रसामग्रीचा मोठा उद्योग आला. मोठ्या झाडाखाली रोपे उगवावीत तसे त्यांच्या आसपास लेथ, ओतकाम, भंगार, पिंपे धुणे आणि प्लेटिंग असे लहान धंदे साकीनाका, जरीमरी, कुर्ला या बाजूंना दाटले. प्लेटिंगची रीत साधी आहे. लोखंडाचा तुकडा आम्लात बुडवून गंज काढायचा, पाण्यात धुवायचा, मग तांबे, निकेल, क्रोमियम यांच्या टाक्यांतून एकेक करून फिरवायचा आणि प्रत्येक टाकीनंतर पुन्हा धुवायचा. तुकडा चकचकीत होऊन बाजारात जातो. धुण्याचे पाणी निळे, हिरवे, पिवळे होऊन, प्रक्रियेवाचून सोडले तर, गटारात जाते. गटार नाल्याला मिळते आणि नाला नदीला. धातू कुजत नाही, जळत नाही. तो चिखलाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो.

आणि शिंपल्याचे घर नेमके तेथे. आपल्या नद्यांतला नेहमीचा शिंपला म्हणजे लॅमेलिडेन्स. त्यातल्या मार्जिनॅलिस या जातीला लामार्क या फ्रेंच पंडिताने १८१९ मध्ये नाव दिले. तो चिखलात अर्धा रुतून बसतो, एका वाटेने पाणी आत घेतो, कल्ल्यांवर अन्नाचे कण गाळून घेतो आणि दुसऱ्या वाटेने पाणी सोडतो. अन्नासाठी तो कोठे जात नाही, म्हणून पळून जाण्याचा मार्गही त्याला फारसा नाही. पाण्यात तांबे वाढले की तो शिंपा मिटून घेतो. ही त्याची ढाल. पण श्वास आणि अन्न दोन्ही त्याच पाण्यातून यायची असल्याने ती फार वेळ धरता येत नाही. उघडावे तर विष, मिटावे तर उपास, असा तो पेच आहे. आत गेलेला धातू कल्ल्यांत आणि यकृतसदृश ग्रंथीत साठत जातो आणि पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात याच जातींच्या शिंपल्यांवर प्रयोग केले. पारा, तांबे यांसारख्या धातूंच्या द्रावणात ठेवलेल्या शिंपल्यांचा श्वास मंदावतो आणि अंगातला ग्लायकोजेनचा साठा आटतो, असे अशा अभ्यासांतून दिसून आले. पैठणच्या बाजूचे हे ज्ञान साकीनाक्याला लागू पडते, कारण धातू जिल्हा पाहून वागत नाही.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पिल्लांची गोष्ट. शिंपल्याचे डिंभ काही दिवस माशाच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून राहतात आणि मग सुटून चिखलात पडतात. म्हणजे मासे गेले की शिंपल्याचा वंशही गेला. शिवाय हे डिंभ आणि कोवळी पिल्ले तांब्याला प्रौढांपेक्षा फार लवकर बळी पडतात. म्हणून एखाद्या नदीत थोराड शिंपले भरपूर सापडावेत आणि पिल्लू एकही नसावे, असे घडते. पाहणारा समाधानाने म्हणतो, नदी जिवंत आहे. वास्तविक तिचा वंश खुंटून काही वर्षे लोटलेली असतात. युरोपातला मोत्यांचा शिंपला तर शंभर वर्षांपलीकडेही जगतो, तेव्हा हा भ्रम तेथे किती लांबत असेल! आपल्या जाती इतक्या दीर्घायुषी नाहीत. आपल्याकडे पडदा लवकर पडतो.

१९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्रकाठचे शिंपले गोळा करून किनाऱ्यांची प्रकृती तपासण्याची योजना मांडली. शिंपल्यांच्या कवचात वाढीचे थर साचत जातात. संग्रहालयातली जुनी कवचे तपासून त्या काळचे पाणी कसे होते याचा अंदाज बांधण्याचे कामही परदेशात झाले आहे. आपल्याकडे तेवढी दृष्टी असती तर पवईकाठची चार कवचे तारीख टाकून पेटीत ठेवण्याला कितीसा खर्च आला असता?

कायदा मात्र वेळेवर आला. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्ये कायदा केला, १९७० मध्ये मंडळ नेमले, आणि केंद्राचा कायदा १९७४ चा. मिठीला मात्र तोवर लोक नाला म्हणू लागले होते, आणि नाल्याची फिर्याद कोण करणार? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती नदी असल्याचे मुंबईला आठवले. त्याच वर्षी तिच्यासाठी प्राधिकरण नेमले गेले आणि गाळ उपसण्याची कामे निघाली. पाण्याला वाट मिळावी म्हणून तो उपसा हवाच होता. परंतु ज्या थरांत साकीनाक्याच्या गाळ्यांची पन्नास वर्षांची जमाखर्चाची वही बुडालेली होती, तेच थर ट्रकांत भरून गेले, आणि त्यांतला धातू नदीतून उठून दुसऱ्या कोणत्या तरी जमिनीवर जाऊन पडला.