वसई आणि तिचीं खाजणें

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस सिंधुसागर, अशा तिहेरी पाण्यांत आमची वसई वसली आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें ती पोर्तुगीजांच्या हवालीं केली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं किल्ला सर केला. नागासाकी येथें १५९७ सालीं क्रुसावर प्राण अर्पिणारे संत गोन्सालो गार्सिया याच भूमीचे सुपुत्र होत.

राज्यें आलीं आणि गेलीं. खाजणें मात्र आपलें काम करीत राहिलीं. भरतीचें व पावसाचें पाणी तीं पोटांत घेत, तिवरें किनाऱ्याची माती धरून ठेवीत आणि मिठागरें गोरगरिबांस भाकर देत. पुढें वस्ती वाढली व खाजणांवर भराव पडूं लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसईसाठीं लोकांस जागें केलें. तरीहि २०१८ च्या जुलैंत वसई पाण्याखालीं गेली व मिठागरांच्या वस्तींत शेंकडों माणसें अडकून पडलीं. पाणी आपली जुनी जागा विसरत नाहीं.

वाडवडिलांचीं देवालयें आम्ही श्रद्धेनें जपलीं. उरलेलीं खाजणें त्याच श्रद्धेनें जपणें, हें या महोत्सवाच्या वर्षीं आम्हां सर्वांचें कर्तव्य होय.