‘रोल बॅक इट’ नाही, ‘रोल इट बॅक’! एका छोट्या शब्दाची नऊशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून काढलाय.

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू होते. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बीटेक, मग पहिली नोकरी. एका रिलीजच्या रात्री नवं व्हर्जन चढवलं आणि पेमेंटचं पान उघडेना. मी घाईघाईत ग्रुपवर टाकलं, ‘प्लीज रोल बॅक इट’. एका सीनियरनं आधी माझं वाक्य दुरुस्त केलं, ‘रोल इट बॅक’, आणि पुढे एक हसरा चेहरा. मग बाकीच्यांचे हसरे चेहरे. पेमेंटचं पान राहिलं बाजूला!

त्यानंतर महिनाभर मी ग्रुपवर ‘ओके’ आणि अंगठा सोडून काही टाकलं नाही. एकदा तर कोडमधली चूक दिसत असूनही गप्प बसलो, कारण वाक्य कसं लिहायचं तेच ठरेना. दोन दिवसांनी ती चूक ग्राहकाला सापडली. तेव्हा खरंच लाज वाटली. आणि मग प्रश्न पडला की हा नियम आला तरी कुठून?

आधी नियम बघू. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं. ‘टर्न द लाइट ऑफ’ पण चालतं. म्हणजे ‘लाइट’ हे नाम दोन्हीकडे बसतं. पण लाइटच्या जागी ‘इट’ हे सर्वनाम आलं की एकच जागा उरते, क्रियापद आणि क्रियाविशेषण यांच्या मध्ये. ‘टर्न इट ऑफ’. तसंच ‘पिक हर अप’, ‘शट देम डाउन’, ‘बॅक इट अप’. हे अप, ऑफ, डाउन, बॅक म्हणजे छोटी क्रियाविशेषणं. शाळेत आपण हे पाठ केलं असेल किंवा नसेल, पण ‘का’ ते कुणी सांगितलं नाही.

तर चला, थेट ११४२ सालच्या डिसेंबरात जाऊ. इंग्लंडमध्ये गादीवरून यादवी पेटलीय. एका बाजूला मेलेल्या राजा पहिल्या हेन्रीची मुलगी मॅटिल्डा, दुसऱ्या बाजूला तिचा आतेभाऊ स्टीफन. मॅटिल्डा ऑक्सफर्डच्या किल्ल्यात अडकलीय, बाहेर स्टीफनचा वेढा. आणि एका रात्री ती निसटते. बर्फातून पायी चालत वॉलिंगफर्ड गाठते.

या सुटकेची नोंद पीटरबरोच्या मठातल्या बखरीत आहे. बखरीचा हा शेवटचा भाग ११५० च्या दशकातला. त्यात लिहिलंय की तिला रात्री दोरांनी बुरुजावरून खाली सोडलं. आता त्या वाक्यातला शब्दक्रम बघा. आधी ‘सोडलं’चं क्रियापद, मग ‘तिला’, मग ‘खाली’. आजच्या इंग्रजीत ‘लेट हर डाउन’. अगदी तोच क्रम! शेक्सपिअरच्या जन्माच्या चारशे वर्षं आधी, कुठल्याही इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक नसताना, एका मठात बसलेला माणूस सर्वनाम बरोबर मध्ये ठेवतोय.

मग त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. त्याच्या काळात भाषा बदलत होती आणि तो बदल त्याच्या लेखणीत उतरला.

हा बदल समजायला आपल्याला एक शॉर्टकट आहे, आपले उपसर्ग. प्रहार, आहार, विहार, संहार. मूळ धातू एकच, पुढचा तुकडा बदलला की अर्थ बदलला. जुन्या इंग्रजीतही असे तुकडे होते. काही क्रियापदाला कायमचे चिकटलेले. काही सुटे, जे कधी क्रियापदाच्या आधी येत, कधी नंतर. गंमत म्हणजे वेदांच्या संस्कृतातही उपसर्ग क्रियापदापासून लांब, सुटे राहू शकत होते. पुढे संस्कृतात ते पुढून कायमचे चिकटले. इंग्रजी उलट्या दिशेनं गेली. तिनं ते सुटे ठेवले आणि क्रियापदाच्या मागे नेले.

आणि हे नुसतं साम्य नाही, नातं आहे. इंग्रजीचं ‘अप’ आणि आपलं ‘उप’, ‘आउट’ आणि ‘उद्’, ‘ऑफ’ आणि ‘अप’ (अपमानातलं), ‘ओव्हर’ आणि ‘उपरि’. भाषाशास्त्रज्ञ या जोड्या एकाच मुळातून आलेल्या मानतात. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या असाव्यात असं जाहीर भाषणात मांडलं, तेच हे कुळ. म्हणजे ज्या शब्दांना घाबरून मी गप्प बसलो होतो, ते माझे लांबचे चुलतभाऊ निघाले!

आता ‘डाउन’ची कहाणी ऐका. जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ असं म्हणता म्हणता त्याचा अर्थ ‘खाली’ झाला आणि शब्द झिजून ‘डाउन’ राहिला. म्हणून इंग्लंडच्या दक्षिणेतल्या टेकड्यांना आजही ‘साउथ डाउन्स’ म्हणतात. नाव ‘डाउन’, पण जागा उंच.

तर हे तुकडे मागे का गेले? पहिलं कारण वाक्याची रचना. जुन्या इंग्रजीत क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येई, मराठीसारखं. हळूहळू ते कर्माच्या आधी येऊन बसलं आणि तुकडे मागे राहिले. दुसरं कारण म्हणजे व्हायकिंग. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातले लोक स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत तुकडा मागे ठेवायची सवय आधीच पक्की होती, आणि या शेजाराचा परिणाम झाला असं अनेक अभ्यासक मानतात. पीटरबरो त्याच भागात येतं.

आता मुख्य मुद्दा, सर्वनाम मध्येच का? जुन्या इंग्रजीत सर्वनामांना वाक्यात लवकर यायची सवय होती. आणि त्यामागचं कारण आजही तोंडानं तपासता येतं. ‘टर्न इट ऑफ’ मोठ्यानं म्हणा. जोर कुठे पडला? ‘ऑफ’वर. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा वजनदार. तिथे नवी, महत्त्वाची माहिती बसते. ‘इट’मध्ये नवं काय आहे? काही नाही. कशाबद्दल बोलतोय ते दोघांनाही माहीत आहे. म्हणून ते हलकं सर्वनाम क्रियापदाला टेकून मध्ये दडतं.

मराठीत आपण काय करतो? ‘लाइट चालू आहे रे, बंद कर.’ ‘तो बंद कर’ असंही म्हणत नाही. जे माहीत आहे ते आपण सरळ गाळतो. इंग्रजीला सहसा असं गाळता येत नाही, म्हणून ती त्याला बारीक करून मध्ये सरकवते. गरज तीच, उपाय वेगळा.

सर्वनाम इतकं हलकं असतं की झिजतंसुद्धा. ‘इट’ आधी ‘हिट’ होतं, त्याचा ‘ह’ गळला. ‘पिक एम अप’मधलं ‘एम’ आपल्याला ‘देम’चं तुटकं रूप वाटतं. पण ते आलंय जुन्या इंग्रजीच्या ‘हेम’मधून. ‘देम’ हा नंतर व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला पाहुणा. पाहुणा घरमालक झाला, पण जुना मालक रोजच्या बोलण्यात अजून राहतोय.

एक सावधगिरी मात्र ठेवा. ‘लुक आफ्टर इट’, ‘लुक ॲट इट’ इथे सर्वनाम शेवटीच येतं, कारण ‘आफ्टर’ आणि ‘ॲट’ इथे शब्दयोगी आहेत, क्रियाविशेषणं नाहीत. सोपी चाचणी अशी: नामाला मध्ये आणून बघा. ‘टर्न द लाइट ऑफ’ जमतं, म्हणून ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक द बेबी आफ्टर’ जमत नाही, म्हणून ‘लुक आफ्टर इट’.

१०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं. दरबारी, भारदस्त शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून येत गेले. ‘गिव्ह अप’ला ‘सरेंडर’, ‘पुट आउट’ला ‘एक्स्टिंग्विश’. म्हणून आजही ‘गिव्ह इट अप’ घरगुती वाटतं आणि ‘सरेंडर’ सरकारी. आपल्याकडे ‘सोडून दे’ आणि ‘त्याग कर’ यांत असतो तसा फरक. आपण शाळेत पुस्तकातून इंग्रजी शिकलो, म्हणून सरकारी शब्द आधी आले. घरातले राहूनच गेले.

आणि आता माझा आवडता पुरावा. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सननं आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत तो कबूल करतो की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही पद्धत इंग्रजीत फार आहे, आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. खुद्द कोशकारच म्हणतोय! या रचनेचं आजचं नाव, ‘फ्रेझल व्हर्ब’, पुस्तकात रूढ झालं ते तर १९२५ च्या सुमारास. वापर आधी, नाव शेकडो वर्षांनी.

म्हणजे ‘रोल इट बॅक’ हा कुणी ऑफिसात बसून काढलेला हुकूम नाही. बोलणाऱ्यांच्या तोंडात घासून घासून तयार झालेली वाट आहे ती. ज्यांना ती लहानपणी मिळाली त्यांनी काही पराक्रम केला नाही, आणि ज्याला पंचविशीत मिळाली त्याचा काही गुन्हा नाही.

परवा आमच्या टीममधल्या नव्या मुलीनं रात्री अकराला लिहिलं, ‘सर्व्हर हँग, प्लीज शट डाउन इट’. मी सर्व्हर बंद केला, ‘थँक्स, वेळेवर सांगितलंस’ असं लिहिलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी चहाला तिला मॅटिल्डाची गोष्ट सांगितली. दोर, बुरूज, बर्फ, सगळं. ती हसली आणि म्हणाली, “म्हणजे सर, राणी मधेच लटकते, हो ना?”

हो, मंडळी. राणी मधेच लटकते. एवढं लक्षात ठेवा, आणि चूक होईल म्हणून गप्प मात्र बसू नका.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, बोलत राहा!